टोपल्या नाल्यात धुतल्या नव्हत्या

माझ्या सासरच्या गावी एखाद्या नव्या सुनेने काही सांडलं, काही विसरलं, की म्हाताऱ्या बाया अजून म्हणतात, "टोपलीवाली होऊ नको वं माय." म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या जणींना ती टोपलीवाली कोण हे ठाऊक नाही. ती माझी मेव्हणी, माझ्या बायकोची धाकटी बहीण. तिने मासळीच्या टोपल्या नाल्यात धुतल्या आणि त्यामुळे साफ केलेल्या तळ्यात चिलापी ही नकोशी मासळी परत आली, अशी ती गोष्ट आहे. गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे तिच्याशिवाय फक्त मला माहीत होतं, म्हणून ती लिहून दुरुस्त करणंही माझ्याकडेच आलं.

आम्ही जातीने भोई. माझ्या वडिलांनी जाळं सोडलं, मी शिकलो आणि मासळीच्या सरकारी खात्यात लागलो. यवतमाळला ऑफिस, आणि काम जिल्ह्यातली तळी पाहत फिरण्याचं. सासर दिग्रसच्या पुढे, एका तळ्याच्या काठावर. सासऱ्याला दोन मुली. थोरली माझी बायको. धाकटीचा नवरा त्याच गावचा, तळ्यावर जाळं टाकणारा. म्हणजे माझा साडभाऊ.

आमच्यात एक रीत होती. वर्षाचं पहिलं मोठं जाळं ओढलं की त्यातल्या सगळ्यात मोठ्या कटल्याची मुंडी थोरल्या जावयाच्या ताटात पडायची. ज्याने कटल्याची मुंडी खाल्ली नाही त्याला तिची गंमत सांगता येणार नाही. गालाचं मांस, डोळ्याभोवतीची चरबी, हाडात शिरलेला रस्सा. पण चवीपेक्षा मोठी गोष्ट ही, की ताट वाढताना सगळे थांबून पाहायचे. सासरे स्वतःच्या हाताने वाढायचे. लग्न झाल्यापासून ती मुंडी मला होती. मी एसटीने यायचो, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचो, आणि ती मुंडी मला माझ्या नोकरीसारखी वाटायची, कायमची.

साडभाऊला नोकरी नव्हती, शेत नव्हतं. त्याला बोलणं होतं. तो ओट्यावर आला की माणसं सरकून जागा करायची. मी आलो की उठून उभी राहायची. दोन्हींतला फरक कळायला मला काही वर्षं लागली. माझ्या बायकोला हसताना तोंडावर पदर लावायची सवय होती. त्याच्या बोलण्यावर हसताना ती पदर विसरायची. मी घरी परतल्यावर तोच विनोद तिला सांगून पाहिला आहे. ती म्हणायची, "हो, सांगितला होता त्यानं."

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव येईल म्हणून लोकांनी कापूस घरातच ठेवला होता. खोल्या छपरापर्यंत भरलेल्या, लेकरं त्याच्यावरच झोपायची आणि अंग खाजवत उठायची. वेचणी परवडत नाही म्हणून मजुरी नाही. ज्यांनी जन्मात गुडघाभर पाण्यात पाय घातला नव्हता असे शेतकरीही मच्छीमार संस्थेत आमचं नाव घाला म्हणून सासऱ्याकडे यायला लागले. आणि त्याच वर्षांत तळं चिलापीने भरलं.

चिलापी खायला वाईट नाही. ती कुठून आली हे कुणी सांगू शकत नाही. वरच्या कुठल्या तळ्यातून पुरात उतरली असेल. पण एकदा शिरली की दुसऱ्याला जगू देत नाही. लहानपणीच पिल्लं घालायला लागते, वर्षातून कितीदा तरी. पिल्लं आई तोंडात सांभाळते. धोका दिसला की सगळी पोरं तोंडात घेऊन पळते. कटल्या-रोहूचं खाणं ती खाते, मरळ-शिंगाड्याची अंडी खाते. मग तळं तिच्यानेच गच्च होतं, आणि खायला पुरत नाही म्हणून तीही तळहाताच्या वर वाढत नाही. जाळं जड यायचं आणि बाजारात कुणी विचारायचं नाही. सासऱ्याने त्या वर्षी माझ्या ताटात मुंडी वाढली ती कशीबशी शोधून आणलेल्या कटल्याची होती.

ओट्यावर बैठक बसली. संस्थेचं अध्यक्षपण तेव्हा साडभाऊकडे आलं होतं. एकजण म्हणाला, "कपाशीवरचं फवारनीचं औषध पडून आहे घरोघरी. उन्हाळ्यात डोह उरला की ओतून देऊ. एका दिवसात खेळ खलास."

साडभाऊ एरवी अशा वेळी काहीतरी गमतीचं बोलायचा. तो म्हणाला, "ते डबे घरातून फेका म्हून मी दारोदार सांगून राह्यलो, न तू ते तळ्यावर आन म्हनतं? कोनाच्या हाती ते डबडं मले दिसलं नाई पायजे." त्या वर्षांत ते डबे लोकांनी कशासाठी उघडले होते, ते आसपासच्या प्रत्येक गावाला माहीत होतं.

तेव्हा मी बोललो. मोहाची ढेप टाका, मी सांगितलं. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर जी ढेप उरते, ती भिजवून पाण्यात टाकली की मासे मरतात, मेलेले मासे खाता येतात, आणि काही आठवड्यांनी तिचंच खत होतं. आधी जाळ्याने जमेल तेवढी चिलापी काढायची, चांगले मासे विहिरीत ठेवायचे, मग उरलेल्या डोहात ढेप. मासळी टोपल्यांत भरून दूर शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, न्यायची, तिथेच साफ करायची, आणि रिकाम्या टोपल्या गावच्या हापशीवर धुवायच्या, तळ्यात नाही, वरच्या नाल्यात तर मुळीच नाही. कारण आईच्या तोंडातली पोरं टोपलीला चिकटून राहतात, आणि नाल्यातलं डबकं पावसात तळ्यालाच येऊन मिळतं. हे सगळं मी सांगितलं. साडभाऊने ऐकून घेतलं, मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "झालं. आपन असंच कराचं."

'आपण' म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून गावात ती त्याची युक्ती झाली. त्याने चोरली नाही, कुणी विचारलं असतं तर त्याने माझंच नाव सांगितलं असतं. पण कुणी विचारलंच नाही.

मी ऑफिसच्या कामाने अधूनमधून यायचो आणि पाहायचो. खरं सांगतो, मला ते जमलं नसतं. ढेप टाकल्यावर काही दिवस गुरांना तळ्याचं पाणी बंद करायचं होतं, आणि भर उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटलेल्या, एकीत पाणी होतं ते ठेवलेल्या माशांपुरतं. पलीकडच्या तांड्यावरच्या एका बंजारा म्हाताऱ्याच्या विहिरीत थोडं पाणी होतं. साडभाऊ त्याच्याकडे गेला, मी सोबत होतो.

"माह्या विहिरीत ढोरापुरतं पानी कुठं हाय?" म्हातारा म्हणाला. "वाकून पाह्य."

"वाकतो काका. पन मांगून पाय धरा. पडलो तं माही बायको तुमच्या गळ्यात पडन."

"तुही बायको मले चालते. तिच्यासंगं तू येशीन, ते नाई चालत."

म्हातारा हसत हसत विहीर द्यायला तयार झाला. मी शेजारी उभा होतो, खात्याची पिशवी काखेत धरून. म्हाताऱ्याने मला एकदाही विचारलं नाही की साहेब, तुमचं काय मत.

टोपल्यांचं काम मेव्हणीकडे होतं. बायांची रांग धुऱ्याकडे जायची, ती शेवटी चालायची, रिकाम्या टोपल्या मोजून घ्यायची आणि हापशीवर न्यायची. हापशीवर पाण्याला गर्दी, भांडणं. बाया म्हणायच्या, नाला जवळ आहे, कोण पाहून राह्यलं? ती म्हणायची, "मी पाहून राह्यली न." मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे.

डोह स्वच्छ झाला. शेवटी पाण्यावर पांढरं पोट करून तरंगणाऱ्या चिलाप्यांचा थर आला, तोही काढला. विहिरीत ठेवलेल्या कटल्यांतला एक मोठा कटला सासऱ्याने जेवणासाठी काढला. सगळं गाव अंगणात. मी पहिल्या पंगतीत, माझ्या नेहमीच्या जागी. सासरे भांडं घेऊन आले, माझ्यासमोर थांबले, मला एक पेटीचा, पोटाकडचा तुकडा वाढला आणि पुढे सरकले. मुंडी त्यांनी साडभाऊच्या ताटात ठेवली.

माझ्या बायकोने मान खाली घातली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित विसरलो असतो. पण साडभाऊने ताट उचलून माझ्याकडे केलं. "भाऊ, तुमीच घ्या. मले त्यातले काटे काढता येत नाई, मी आपला जाळ्याचा गडी."

सगळे हसले, प्रेमानेच हसले. मी "नको, नको, खा तुम्ही," म्हणालो आणि माझा तुकडा खाल्ला. त्या तुकड्याची चव मला आजही सांगता येते. मिठाला किंचित कमी होता.

त्या पावसाळ्यात तळ्यात अर्धंअधिक पाणी आल्यावर बीज आलं. बीज म्हणजे कटला-रोहूची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, टेम्पोमधून. कुठल्या तरी खाजगी बीज-केंद्रातून संस्थेनेच मागवलं होतं. पिशव्या फोडण्याआधी तशाच तळ्यावर तरंगत ठेवतात, म्हणजे आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकसारखं गार होतं. तेवढ्या वेळात कुणीतरी जाणत्या माणसाने एक पिशवी परातीत ओतून पाहायची असते. जाणता माणूस मीच होतो. त्यासाठीच मला बोलावलं होतं.

साडभाऊ माझ्याजवळ उभा होता. मी परातीत पिशवी ओतली आणि खाली बसलो. कटल्याचं पिल्लू डोक्याने ओळखू येतं, रोहूचं अंगाने. त्यांच्यात काही पिल्लं वेगळी होती. अंगावर उभे पुसट पट्टे, पाठीवर एकच लांब पर, आणि त्या परावर मागच्या बाजूला काळा ठिपका. फार नव्हती. पण फार लागतही नाहीत.

मी मान वर केली. काठावर सगळं गाव होतं. कापसाने दमलेले ते लोक, अंगणात लग्न असल्यासारखे उभे होते. सासरे छत्री धरून उभे होते, आणि छत्री साडभाऊच्या डोक्यावर होती. सासऱ्याचा स्वतःचा खांदा भिजत होता.

साडभाऊ म्हणाला, "बराबर हाय न, भाऊ?"

मी म्हणालो, "बराबर आहे."

माझ्या मनात आलं असेल की संस्थेला हे बीज परत करणं परवडणार नाही, किंवा मरळ ही पिल्लं खाऊन टाकेल. अशा सबबी मी नंतर पुष्कळ रचल्या. त्या क्षणी मी फक्त त्या छत्रीकडे पाहत होतो. परात मीच तळ्यात उलटी केली. मग पिशव्या फुटल्या, बाया हळदी-कुंकू वाहायला पाण्यात उतरल्या.

पुढच्या वर्षी जाळ्यात चिलापी आली. आधी थोडी, मग जाळं भरून. काठावर माणसं जमली आणि कुणीतरी टोपल्यांची आठवण काढली. हापशीवर तेव्हा भांडणं व्हायची, नाला जवळ होता, वगैरे. मग सगळे माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी सांगा. टोपल्यातून येऊ शकते काय?"

येऊ शकते. ते मीच शिकवलं होतं. मी म्हणालो, "नाल्यातल्या डबक्यात एक टोपली धुतली तरी पुरे."

मी कुणाचंही नाव घेतलं नाही. वाक्यही खोटं नव्हतं. असं वाक्य सापडलं की माणूस त्याच्या मागे जन्मभर लपू शकतो.

साडभाऊने बायकोला सगळ्यांसमोर विचारलं, "धुतली काय वं?"

"नाई धुतली."

त्याने पाण्याकडे पाहिलं. मग पुन्हा विचारलं, "एखाद दिवशी? गर्दी होती म्हून?"

पहिल्या प्रश्नाला तिने उत्तर दिलं होतं. दुसऱ्या प्रश्नावर तिने पदर खोचला आणि घरी निघून गेली. लोकांनी तेच उत्तर समजलं. त्या संध्याकाळी कुणीतरी ते नाव ठेवलं, टोपलीवाली.

साडभाऊने अध्यक्षपण सोडलं. पुन्हा तळं साफ करायची गोष्ट कुणी काढली नाही. एकदाच उभं राहिलेलं गाव पुन्हा उभं राहत नाही. त्या हिवाळ्यात तो दिग्रसला जिनिंगमध्ये कामाला गेला, कापसाच्या गाठी उचलायला. ओट्यावर त्याच्यासाठी आता कुणी सरकत नसे, आणि त्याचं बोलणंही कमी झालं. मला वाटलं होतं की हे पाहून मला बरं वाटेल. वाटलंही, काही दिवस. हेही लिहिलं पाहिजे.

आणि मुंडी माझ्याकडे परत आली. कटला आता बाजारातून विकत आणावा लागायचा, पण सासरे हयात होते तोवर दरवर्षी वाढायचे. मी खायचो. गालाचं मांस, डोळ्याभोवतीची चरबी, सगळं.

माझी बायको मनाने वाईट नव्हती. पण तिने ती गोष्ट खरी मानली. माहेरी गेलो की मेव्हणी कुठलंही भांडं धुवायला उचले, आणि माझी बायको ते तिच्या हातातून काढून घेई. "राहू दे वं, मी धुते." मायेने म्हणायची. मी समोर बसलेला असायचो, पेपर वाचत. बायको गेली, तिला आता काही वर्षं झाली. तिला मी सांगितलं नाही.

परवा साडभाऊ आजारी आहे असं कळलं म्हणून गेलो होतो. त्याला आता ऐकू कमी येतं, बाजेवर पडून असतो. मेव्हणीने माझ्यासाठी कटला आणवला होता. ती एकटीच वाढत होती. तिने मुंडी माझ्या ताटात ठेवली, तिच्या वडिलांसारखीच, दोन्ही हातांनी.

मी ताट सरकवलं. "हे माझं नाही."

"काहून? डाक्टरनं बंद केलं काय?"

मग मी सांगितलं. परात, पट्टे, काळा ठिपका, छत्री. सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट एवढीशीच असेल असं वाटलं नव्हतं. ती भात कालवत होती, तिचा हात थांबला नाही. रस्सा गार झाला.

मग ती म्हणाली, "ताईले माहीत होतं?"

"नाही."

"म्हंजे तिनं खरंच मानलं." तिने भाताचा घास ताटातच ठेवला. "बीजातूनच आली असन, हे मले कवाचंच कळलं होतं. मले वाटे, तिले तुमी सांगतलं असन न ती तुमच्यासाठी गप्प राह्यली असन. मी तसं धरून चालली होती, भाऊजी. मरेपर्यंत तिनं माह्या हातून भांडं घेतलं."

मला वाटत होतं की बायकोला माहीत नव्हतं हे ऐकून तिला थोडा दिलासा मिळेल. जे एक काहीतरी धरून ती इतकी वर्षं राहिली होती, ते मी तेवढ्यात काढून घेतलं.

ती उठली, बाजेपाशी गेली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "भाऊजी म्हनते, बीजातच होती चिलापी. त्यायनं पाह्यली होती."

साडभाऊने माझ्याकडे मान वळवली. त्याच्या डोळ्यांत राग शोधत होतो, तो दिसला नाही. तो म्हणाला, "परात तं भाऊच्याच हातात होती." मग बायकोकडे पाहून, "मी दोनदा विचारलं तुले."

"हो," ती म्हणाली. "दोनदा."

मी म्हणालो की गावात चार माणसं जमवून सांगतो. ती म्हणाली, "कोनाले सांगता? नाव ठेवनारे समदे मसणात गेले. नाव तेवढं राह्यलं. लिहाचं तं लिहा, तुमाले लिहता येते." म्हणून लिहिलं. ज्यांना वाचता येतं त्यांनी ते नाव ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना वाचून दाखवावं. तिने टोपल्या नाल्यात धुतल्या नव्हत्या. एकदाही नाही.

निघताना मी वळून पाहिलं. तिने माझ्या ताटातली मुंडी एका वाटीत काढून घेतली होती आणि बाजेवर बसून, एकेक काटा बाजूला करत, गालाचं मांस ती साडभाऊच्या तोंडात घालत होती. तो डोळे मिटून खात होता. दाराशी माझ्या लक्षात आलं की मी उभा राहून पाहतो आहे, आणि मुंडी कुणाच्या तोंडात गेली हे अजूनही मोजतो आहे.